ओपन सोर्सच्या भांडणावरून शेअरची टीप आली तर आधी सातबारा बघा

मागच्या महिन्यात रविवारी राजारामपुरीत मिसळ खायला बसलो होतो, भाचा समोर, त्यानं मोबाईल पुढं सरकवला आणि म्हणाला, मामा हे बघा की, घेऊ काय? टेलिग्रामवरचा मेसेज होता, चार रॉकेट, खाली लिहिलेलं की अमुक अमेरिकन कंपनीनं आपलं सॉफ्टवेअर फुकट द्यायचं बंद केलं, आता सगळ्या मोठ्या क्लाउड कंपन्यांना पैसे मोजायला लागणार, शेअर सहा महिन्यात डबल, आजच घ्या. कटाचा एक थेंब स्क्रीनवर उडाला, तो त्यानं अंगठ्यानं पुसला तर मेसेज वर सरकला आणि त्याच्या खालचा दिसला, तो एका सिमेंट कंपनीचा होता, त्याला पण चार रॉकेट, शब्द तेच, टार्गेट तेवढं वेगळं.

मी म्हटलं थांब जरा, आधी खा.

मी गेली पंधरा वर्षं शिरोली एमआयडीसी, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव या पट्ट्यातल्या फौंड्र्यांचे आणि मशीन शॉपचे सर्व्हर सांभाळतो, लिनक्सवरच, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येईल अशा ऑपरेटिंग सिस्टीमवर, माझं घर चालतंय, आणि शेअरमध्ये पण थोडे पैसे असतात. म्हणून असला मेसेज आला की घरातले, मित्र, फौंड्रीतले अकाउंटंट सगळे मलाच विचारतात. आणि मी पण एकदा फसलोय, २०२१ मध्ये असल्याच एका ग्रुपवरच्या टीपवर, ओपन सोर्स कंपनी आहे (म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना उघडा ठेवणारी), मोठी केस जिंकणार आहे, एवढं ऐकून पैसे घातले आणि ३८ हजार गेले. नंतर ग्रुपवर बघितलं तर तो मेसेजच डिलीट केलेला, आम्ही असं कधी बोललोच नाही म्हणाले. ते पैसे बायकोच्या भिशीतले होते. त्या दिवसापासून मी एक पद्धत ठरवून घेतली, तीच इथं सविस्तर लिहितोय, कारण असल्या टीपा आता लई वाढल्यात आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं प्रकरण माणसाला समजत नाही म्हणून तो समोरच्यावर विश्वास ठेवून टाकतो.

पहिलं काम दोन मिनिटाचं. मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, तारीख वेळ दिसली पाहिजे असा. मग टीप देणाऱ्याला सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, रजिस्ट्रेशन नंबर विचारा. रिसर्च ॲनालिस्टचा नंबर आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो आणि इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायजरचा आयएनए ने, आणि सेबीच्या साइटवर इंटरमीजिअरीच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या मध्यस्थांच्या, यादीत तो नंबर टाकला की नाव येतंय. आलं नाही तर विषय संपला, पुढचं काही वाचायची गरज नाही. कोण म्हणेल आम्ही टीप देत नाही, फक्त शिकवतो, तर जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं काढलेल्या सर्क्युलरनं नुसतं शिकवणाऱ्याला मागच्या तीन महिन्यातला भाव वापरून बोलायला बंदी घातली, त्यामुळं आजचा भाव दाखवून शिकवतोय म्हणजे तो टीपच देतोय. आणि नंबर खरा असला म्हणजे टीप बरोबर असं पण नाही, एवढंच की उद्या तक्रार करायची झाली तर स्कोअर्सवर, म्हणजे सेबीच्या तक्रारीच्या साइटवर, कुणाच्या नावानं करायची ते कळतं.

आता मेन मुद्दा, भांडण नक्की कशाचं आहे. ओपन सोर्स विरुद्ध मालकीचं सॉफ्टवेअर असं सगळे ढोबळ बोलतात पण त्याच्यात वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा शेअरवर परिणाम वेगळा होतो. आपल्याकडं जमिनीचा व्यवहार करताना माणूस काय बघतो? सातबारा कुणाच्या नावावर, फेरफार कधी पडला, वहिवाट कुणाची, आणि शेवटी खरेदीखतात काय लिहिलंय. सॉफ्टवेअरला तंतोतंत हेच लावा, दुसरं काही शिकायला नको.

सातबारा म्हणजे कॉपीराइट कुणाचा. वहिवाट म्हणजे लायसन्स, लिनक्सला असलेल्या जीपीएल सारखं लायसन्स एकदा दिलं की त्या व्हर्जनवर लोकांची वहिवाट कायमची पडली, ती मालकाला पण काढून घेता येत नाही, फार तर पुढच्या व्हर्जनपासून तो वेगळा नियम लावू शकतो. आणि फेरफार म्हणजे लायसन्सच्या फाईलमध्ये कधी कधी बदल झाला त्याची नोंद, ती गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येते.

सातबारा न बघता लोक किती बुडतात याचं सगळ्यात मोठं उदाहरण एससीओ. ही केस मी प्रत्येकाला सांगतो, जरा लांबेल पण वाचाच.

एससीओ ग्रुप ही अमेरिकेतल्या युटा राज्यातली छोटी कंपनी, आधी तिचं नाव कॅल्डेरा होतं आणि गंमत म्हणजे ती स्वतः लिनक्स विकायची. २००१ मध्ये तिनं सांता क्रूझ ऑपरेशन नावाच्या कंपनीकडून युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा धंदा घेतला, २००२ मध्ये नाव बदलून एससीओ केलं आणि मार्च २००३ मध्ये आयबीएमवर केस टाकली, की आमच्या युनिक्सचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घातला, एक अब्ज डॉलर द्या. पुढं तो आकडा पाच अब्जावर नेला. मे मध्ये दीड हजार मोठ्या कंपन्यांना पत्रं पाठवली की लिनक्स वापरताय, सांभाळून. ऑगस्टमध्ये दर काढला, एका सीपीयूला ६९९ डॉलर. मायक्रोसॉफ्टनं त्यांच्याकडून लायसन्स घेतलं, सन या कॉम्प्युटर कंपनीनं घेतलं, त्यामुळं बाजाराला वाटलं की काहीतरी दम असणार. केसच्या आधी दोन डॉलरच्या आसपास असलेला शेअर ऑक्टोबर २००३ मध्ये वीस डॉलरच्या वर गेला, त्याच महिन्यात पाच कोटी डॉलरची बाहेरची गुंतवणूक आली आणि एका मोठ्या बँकेच्या ॲनालिस्टनं ४५ डॉलरचं टार्गेट दिलं. दहा पट झालेला शेअर आणि वर मोठ्या बँकेची टीप, सांगा कोण थांबेल.

आता सातबारा बघूया. युनिक्स सांता क्रूझला कुणी विकलं होतं? नोव्हेलनं, १९९५ मध्ये. त्या खरेदीखतात एक यादी होती, कुठल्या गोष्टी विकल्या नाहीत त्याची, आणि त्या यादीत कॉपीराइट होते. म्हणजे ट्रॅक्टर विकला, विहीर विकली, पण जमीन माझ्याच नावावर. १९९६ मध्ये त्या करारात एक दुरुस्ती झाली आणि तिचा अर्थ काय यावर पुढं वर्षानुवर्षं वाद झाला, पण महत्त्वाचं हे की नोव्हेलनं २८ मे २००३ लाच उघड सांगितलेलं की युनिक्सचे कॉपीराइट आमच्याकडं आहेत. २८ मे. आणि शेअर वर गेला ऑक्टोबरमध्ये. म्हणजे पाच महिने आधी सातबाऱ्यावरचं दुसरं नाव सगळ्या जगाला दिसत होतं आणि तरी लोक वाढत्या भावात घेत होते, कारण त्यांच्यापर्यंत आली ती फक्त टीप, खरेदीखत कुणी उघडलंच नाही. आणि दुसरी गोष्ट त्याच्याहून साधी, ही कंपनी स्वतःच जीपीएलखाली लिनक्स वाटत होती, म्हणजे वहिवाट स्वतःच दिलेली.

१० ऑगस्ट २००७, शुक्रवार, कोर्टानं निकाल दिला की कॉपीराइट नोव्हेलचे. सोमवारी शेअर निम्म्याच्या कितीतरी खाली. १४ सप्टेंबरला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, वर्ष संपायच्या आत नॅसडॅक या शेअर बाजारावरून गेली. मार्च २०१० मध्ये ज्युरीनं पण तेच सांगितलं. आणि आयबीएमबरोबरचं उरलेलं प्रकरण मिटलं २०२१ मध्ये, एक कोटी साडेबेचाळीस लाख डॉलरवर, ते पण दिवाळखोरीतल्या ट्रस्टीबरोबर. पाच अब्ज मागितलेले, अठरा वर्षं गेली. ज्यानं वीस डॉलरला शेअर घेतला त्याच्या हातात काय आलं असेल ते तुम्हीच बघा.

म्हणून कोर्ट केसवरची टीप आली की मी चार प्रश्न विचारतो आणि उत्तर टीप देणाऱ्याकडून घेत नाही, कागदातून घेतो. ज्या कोडवर भांडण आहे त्याची मालकी नक्की कुणाची आणि ती कुठल्या करारानं आली. त्या मालकीवर दुसरं कोण दावा सांगतंय का. कंपनीचं रोजचं उत्पन्न किती आणि त्यातलं केसमधून येणार म्हणतात ते किती, म्हणजे केस हरली तर उरतं काय. आणि केस चालवायला पैसे किती वर्षं पुरतील. एससीओला हे चार प्रश्न २००३ च्या जूनमध्ये लावले असते तर चारही ठिकाणी लाल शाई दिसली असती.

कागद कुठं मिळतात ते सांगतो, कारण लोकांना वाटतं हे वकिलाचं काम. अमेरिकन कंपनी असेल तर तिथल्या सेबीची, म्हणजे एसईसीची, एडगर नावाची साइट आहे, फुकट आहे, लॉगिन पण लागत नाही. कंपनीचं नाव टाका, टेन-के नावाचा वार्षिक रिपोर्ट उघडा. शंभर-दीडशे पानं असतात, सगळी वाचू नका. आयटम वन-ए मध्ये धोके लिहिलेले असतात आणि आयटम थ्री मध्ये चालू केसेस. पानावर शोधायच्या बॉक्समध्ये ओपन सोर्स हे दोन शब्द इंग्रजीत टाका आणि जिथं जिथं सापडतील ते परिच्छेद वाचा. तिथं कंपनीला स्वतःच्या तोंडानं लिहायला लागतंय की आमचा कोड कुणीही घेऊन आमच्याशी स्पर्धा करू शकतो, किंवा लायसन्स बदलल्यानं आमचे वापरणारे नाराज होऊ शकतात. इंग्रजी जड वाटलं तर भाषांतराच्या ॲपमध्ये टाका, एवढ्यापुरतं चालतंय. नंतर फॉर्म फोर बघा, त्यात डायरेक्टर आणि मोठे अधिकारी स्वतःचे शेअर विकतात ते कामकाजाच्या दोन दिवसात नोंदवावं लागतं. टीप सांगते घ्या आणि आतली माणसं दर आठवड्याला विकतायत असं दिसलं तर मी थांबतो. काही जणांची विक्री आधीच ठरवलेल्या वेळापत्रकाप्रमाणं असते, ते फॉर्मवरच लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या म्हणजे उगीच शंका नको.

आता दुसरा प्रकार, आणि भाच्याला आलेली टीप याच प्रकारातली होती. यात कोर्ट नसतंय. कंपनी स्वतःच ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवते, मोठी क्लाउड कंपनी, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्यानं देणारी ॲमेझॉनसारखी, तेच घेऊन भाड्यानं देते आणि पैसे मिळवते, मग मूळ कंपनी चिडून लायसन्स बदलते. मोंगोडीबीनं ऑक्टोबर २०१८ मध्ये केलं, इलास्टिकनं जानेवारी २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पनं ऑगस्ट २०२३ मध्ये, रेडिसनं मार्च २०२४ मध्ये, पण रेडिस शेअर बाजारात नाही. टीप देणारा म्हणतो आता यांची मोनोपॉली झाली. होते का?

हे समजायला फौंड्रीत या. शिरोलीत एका फौंड्रीत मी सर्व्हर बघायला जातो तिथं भिंतीला लागून लाकडी पॅटर्नचे ढीग असतात, प्रत्येकावर रंगानं पार्टीचं नाव आणि नंबर घातलेला, आणि त्यातले बरेचसे फौंड्रीचे नसतात, गिऱ्हाईकाचे असतात. कास्टिंग फौंड्री करते, वाळू तिची, भट्टी तिची, माणसं तिची, पण उद्या पार्टीचं बिनसलं तर ती टेम्पो घेऊन येते आणि पॅटर्न उचलून दुसऱ्या फौंड्रीत टाकते. मालकांनी मला एकदा एक रिकामा कोपरा दाखवला, फरशीवर पॅटर्नच्या आकाराची धूळ तशीच होती, म्हणाले हे वर्षाचं काम होतं. ओपन सोर्समध्ये तर ह्याच्या पुढचं आहे, पॅटर्न उचलून न्यायला पण नको, त्याची कॉपी सगळ्यांकडं आधीच आहे. कंपनीनं लायसन्स बदललं की आदल्या दिवसाची कॉपी घेऊन लोक दुसरीकडं काम चालू करतात, त्याला फोर्क म्हणतात. इलास्टिकसर्चचा ॲमेझॉननं ओपनसर्च केला, हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्मचा ओपनटोफू झाला आणि तो महिन्याभरात लिनक्स फाउंडेशनकडं गेला, रेडिसचा व्हाल्की झाला. पुढं इलास्टिकनं ऑगस्ट २०२४ मध्ये आणि रेडिसनं मे २०२५ मध्ये एजीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स परत दिलं. त्यामुळं मोनोपॉली या शब्दावर पैसे घालू नका.

मग बघायचं काय? पैसे कशातून येतात ते. मोंगोडीबीचं बघा. ९ जानेवारी २०१९ ला ॲमेझॉननं डॉक्युमेंटडीबी आणलं, मोंगोडीबीसारखंच चालणारं, आणि दुसऱ्या दिवशी शेअर दहा टक्क्यांपेक्षा जास्त पडला. सगळे म्हणाले संपली कंपनी. पण ती स्वतःची क्लाउड सेवा विकत होती, ॲटलस नावाची, आणि तिचा वाटा दर तिमाहीला वाढत होता, निकालात उघड लिहिलेला असायचा. तोच शेअर २०२१ मध्ये पाचशे डॉलरच्या वर गेला. आणि हे पण ऐका, २०२२ मध्ये तो दोनशेच्या खाली आला, तेव्हा लायसन्स तेच, सॉफ्टवेअर तेच, व्याजदर वाढले आणि सगळ्याच महाग शेअरमधून पैसा बाहेर पडला म्हणून पडला. म्हणजे पडताना पण आणि चढताना पण भांडणाचा हिस्सा थोडाच होता. टीपमध्ये मात्र भांडण हेच एकमेव कारण असतंय.

हॅशिकॉर्प उलटं. डिसेंबर २०२१ मध्ये आयपीओ ८० डॉलरला आला. लायसन्स बदललं तेव्हा शेअर तीसच्या आतबाहेर होता, पुढच्या काही महिन्यात अजून खाली गेला, आणि एप्रिल २०२४ मध्ये आयबीएमनं ३५ डॉलरनं सगळी कंपनी घ्यायचं जाहीर केलं, ६.४ अब्ज डॉलरला. लायसन्स बदलल्यावर घेणाऱ्याला थोडं मिळालं, ते पण दुसरी कंपनी विकत घ्यायला आली म्हणून, आयपीओत घेणाऱ्याचं निम्म्याहून जास्त गेलं.

आणि रेड हॅट. लिनक्स फुकट, त्याचा कोड फुकट, सेंटओएस नावानं दुसऱ्यांनी तेच हुबेहूब फुकट वाटलेलं, आमच्या इकडच्या कितीतरी सर्व्हरवर मीच घातलंय, तरी ही कंपनी २०१२ च्या आर्थिक वर्षात एक अब्ज डॉलर महसुलाच्या पुढं गेली आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमनं तिला ३४ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, शेअरला १९० डॉलर, आदल्या भावापेक्षा साठ टक्क्यांच्या वर. कारण ती कोड विकतच नव्हती, रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर फोन उचलणारा माणूस आणि दहा वर्षं अपडेटची हमी विकत होती. त्याच लाटेतली व्हीए लिनक्स, ९ डिसेंबर १९९९ ला ३० डॉलरला आली आणि पहिल्याच दिवशी २३९ डॉलरवर बंद झाली. नावात लिनक्स होतं, धंदा कॉम्प्युटर जुळवून विकायचा. दोन वर्षात शेअर काही डॉलरवर. दोघांचं सॉफ्टवेअर एकच, हे लक्षात ठेवा.

त्यामुळं या प्रकारातली टीप आली की मी पहिल्यांदा निकालाचा कागद उघडतो आणि सबस्क्रिप्शन किंवा क्लाउडचा वाटा किती ते बघतो, मग जुने ग्राहक मागच्या वर्षापेक्षा जास्त पैसे देतायत का कमी ते बघतो, हा आकडा नेट रिटेन्शन नावानं असतो, शंभर टक्क्यांच्या वर पाहिजे आणि दर तिमाहीला खाली यायला नको. अजून एक आकडा लोक सोडून देतात, कर्मचाऱ्यांना पगाराऐवजी दिलेले शेअर. नफा दाखवताना तो खर्च बाजूला काढून दाखवतात, पण शेअरची संख्या वाढत जाते आणि तुमचा वाटा पातळ होत जातो.

मग फेरफार. गिटहबवर त्या सॉफ्टवेअरच्या पानावर जा, लायसन्स नावाची फाईल उघडा, हिस्ट्री दाबा. कधी बदल झाला, किती वेळा झाला, सगळं तारखेसकट दिसतंय. नंतर काँट्रिब्युटर बघा, कोड लिहिणारे सगळे एकाच कंपनीचे आहेत का दहा ठिकाणचे. आणि सीएलए आहे का ते बघा, म्हणजे बाहेरच्या माणसानं कोड दिला की हक्क कंपनीला लिहून द्यायला लागतात का. सीएलए असेल तर कंपनी उद्या लायसन्स बदलू शकते, मालकी एका हातात आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तसं नाही, हजारो लोकांनी आपापला हक्क स्वतःकडं ठेवून कोड दिलाय, सामाईक गट आहे तो, एवढ्या सगळ्यांच्या सह्या आणायच्या कुणी, म्हणून लिनक्स कुणी बंद करणार म्हणून टीप आली तर ती सरळ खोटी.

तिसरा प्रकार म्हणजे दोन हत्तींचं भांडण, आणि यावर मी जास्त लिहीत नाही कारण करायचं काहीच नसतंय. ओरॅकलनं गुगलवर जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या एपीआयवरून, म्हणजे प्रोग्राम एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीवरून, २०१० मध्ये केस टाकली, एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध २ नं गुगलच्या बाजूनं निकाल दिला. अकरा वर्षं, आणि त्या अकरा वर्षात दोन्ही शेअर वाढले ते आपापल्या धंद्यामुळं. एवढ्या मोठ्या कंपनीला केसचा आकडा म्हणजे आपल्याला घरपट्टी. शिवाय हत्ती दोस्त पण होतात, मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर २००१ मध्ये लिनक्सला कॅन्सर म्हणाले होते, आणि २०१६ मध्ये तीच कंपनी लिनक्स फाउंडेशनची मेंबर झाली, २०१८ मध्ये गिटहब साडेसात अब्ज डॉलरला घेतलं.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सगळीकडं गदारोळ झाला, तेव्हा आमच्या ग्रुपवर एकानं विचारलं, आता कुठला चप्पलचा शेअर घ्यायचा? मला फार वाईट वाटलं ते वाचून. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख, मिळालंय, ते कुणा एकाचं नाही, चामडं कमावणारे, पट्टे विणणारे, शिवणारे अशा सगळ्यांचं मिळून आहे, आणि त्यातला एकही माणूस बाजारात लिस्टेड नाही. ओपन सोर्सचं तेच आहे. ज्यांनी ते रात्री जागून लिहिलं ते बहुतेक जण शेअर बाजारात कुठंच दिसत नाहीत. त्यामुळं एखादं सॉफ्टवेअर जगात भारी आहे, सगळे वापरतात, हे शंभर टक्के खरं असलं तरी त्याच्यावरून तुम्ही घेताय त्या शेअरला पैसे मिळतील असं होत नाही. मध्ये एक दुवा लागतो, आणि तो दुवा दाखव म्हटलं की टीप देणारा गप्प होतो.

भारतातल्या शेअरबद्दल पण विचारतात. आपल्या बाजारातल्या मोठ्या आयटी कंपन्या मुख्यतः सर्व्हिस देतात, गिऱ्हाईक जे सॉफ्टवेअर वापरेल त्याच्यावर काम करतात, त्यामुळं अमेरिकेत कुणी लायसन्स बदललं म्हणून इथली कंपनी उद्या अपर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वाढीच्या मर्यादेला, जाईल या मेसेजमागं बहुतेक वेळा कुणालातरी आपला माल खपवायचा असतो. स्मॉलकॅप, म्हणजे छोटी कंपनी, असेल तर जास्तच. एनएसई-बीएसईच्या साइटवर कंपनीनं स्वतः काही कळवलंय का ते बघा, आणि वार्षिक अहवालात कंटिंजंट लायबिलिटीची, म्हणजे पुढं अंगावर येऊ शकणाऱ्या देण्याची, नोंद वाचा, मोठ्या केसेस बहुतेक तिथं लिहिलेल्या असतात. ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या तारखेला संपणारा सौदा, घेऊन खेळायचा विचार असेल तर सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला आकडा आधी वाचा, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षात एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शन) करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. केसचा निकाल कुठल्या दिवशी लागेल ते न्यायाधीशाला पण आधी ठरवता येत नाही, आणि ऑप्शनची तारीख मात्र ठरलेली असते, हे दोन जुळणार कसे?

सगळं बघून पण अमेरिकन शेअर घ्यायचाच झाला तर हिशोब आधी करा. पैसे एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली जातात, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोपर्यंत अडकतो. डॉलर करताना बँक मार्जिन घेते, ते विचारून घ्या. डिव्हिडंडवर तिकडं २५ टक्के कापतात. दोन वर्षांच्या वर ठेवून विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स, त्याच्या आत विकला तर तुमच्या स्लॅबनं. आणि परदेशी शेअर एक जरी असला तरी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायला लागतंय, ते पण जानेवारी ते डिसेंबर असं, एप्रिल ते मार्च नाही, आणि आयटीआर-वन हा साधा फॉर्म चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका पोरानं पाच हजारचा शेअर घेतला आणि हे भरलं नाही, त्याला जो ताप झाला तो शेअरच्या किमतीपेक्षा जास्त. अमेरिकन बाजार आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला उघडतो, पहिल्या अर्ध्या तासात बातमीवर भाव उड्या मारतो, तेव्हा ऑर्डर टाकू नका, टाकली तर लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची, टाका.

किती पैसे घालायचे हे ज्याचं त्यानं ठरवायचं, मी असल्या एका विषयावर माझ्या एकूण शेअरच्या पाच टक्क्यांच्या वर जात नाही आणि घेण्याआधी वहीत तीन ओळी लिहितो, का घेतोय, काय झालं तर विकणार, आणि ही माहिती मला कुठल्या कागदातून मिळाली. तिसरी ओळ लिहिताना ग्रुपचं नाव आलं तर पेन खाली ठेवतो.

भाच्याला मी त्या दिवशी हो पण म्हटलं नाही आणि नको पण म्हटलं नाही, फक्त सांगितलं की पुढच्या रविवारी मला फेरफार आणून दाखव. तो आला, यावेळी मोबाईल मिसळीपासून लांब धरून दाखवला. लायसन्स फाईलची हिस्ट्री उघडून आणली होती, बदल झालेला टीप यायच्या आठ महिने आधी. फोर्क झालेला सात महिने आधी. टेन-क्यू, म्हणजे तिमाही रिपोर्ट, पण उघडलेला, त्यात नेट रिटेन्शनच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, मामा हे चार तिमाही सलग खाली यायलंय, आणि हे ग्रुपवर कुणीच सांगितलं नव्हतं. मग त्यानं टेबलवरच बसून सेबीच्या साइटवर त्या ॲडमिनचं नाव टाकलं, काही आलं नाही, परत स्पेलिंग बदलून टाकलं, तरी काही आलं नाही. तो म्हणाला ग्रुपमध्ये अजून माझे चार मित्र आहेत, त्यांना आत्ताच फोन करतो, आणि बाहेर जाऊन गाडीला टेकून फोन लावायला लागला, पाव तसाच टेबलवर.